लांबून उठावदार, जवळून सपाट: झांग सेंगयोची फुलं आणि अजिंठ्याची छटा

प्रश्न असा आहे: अजिंठा पाहून आल्यावर वाचनात आलं की सहाव्या शतकात चीनच्या दरबारातल्या झांग सेंगयो नावाच्या चित्रकारानं एका बौद्ध मंदिराच्या दारावर 'भारतीय पद्धतीची' फुलं रंगवली होती. ही पद्धत म्हणजे नेमकं काय? ती अजिंठ्यातलीच का? आणि त्याच काळातल्या, वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या लेण्यांतल्या भित्तिचित्रांतले चेहरे काळेकुट्ट का दिसतात?

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. झांग सेंगयोच्या हातची एकही भिंत आज उरलेली नाही. त्यामुळे त्याच्या कामाबद्दल बोलायचं तर जुन्या नोंदी, त्याच काळात दुसरीकडे रंगवलेल्या भिंती आणि रंगद्रव्यांचा स्वभाव, या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. नुसत्या नोंदी वाचल्या तर हाती दंतकथा लागतात. रंग कसा वागतो हे माहीत असेल तर त्याच नोंदीतलं तंत्र दिसू लागतं.

झांग हा लियांग वंशाच्या सम्राट वूच्या (राज्यकाळ ५०२ ते ५४९) पदरी होता. राजधानी जियानकांग, म्हणजे आजचं नानजिंग. राजग्रंथालयात चित्रकामाची देखरेख त्याच्याकडे होती आणि पुढे सेनापतीचा हुद्दा व वूशिंगची सुभेदारीही त्याला मिळाली. थोडक्यात, रोजंदारीवरचा रंगारी नव्हता, मोठा अंमलदार होता. सम्राट कट्टर बौद्ध. मंदिर बांधलं की भिंती रंगवायला झांगला बोलावणं जाई. राजपुत्र लांबच्या प्रांतांत नेमलेले असत, त्यांची आठवण आली की सम्राट झांगला तिकडे धाडून त्यांची चित्रं काढून आणवत असे, अशीही नोंद आहे.

आता मूळ मुद्दा. ५३७ साली सम्राटाचा सहावा मुलगा शियाओ लुन यानं जियानकांगमध्ये यिचेंग मंदिर बांधलं. त्याच्या दारावर सगळीकडे 'खोलगट-फुगीर फुलं' रंगवलेली होती. शहराचा जुना इतिहास सांगतो की ती झांगच्या हातची मानली जात, पद्धत भारतातून आलेली होती, रंग तांबडा हिंगूळ आणि निळा-हिरवा. लांबून पाहिलं की नजर भोवंडावी इतकी ती वरखाली झाल्यासारखी दिसत, जवळ गेलं की सपाट. लोकांना याचं इतकं नवल वाटलं की मंदिराचं नावच 'खोलगट-फुगीर मंदिर' पडलं.

या दोन ओळींत तंत्राचा जवळजवळ सगळा पत्ता आहे. 'जवळून सपाट' याचा अर्थ गिलाव्याचा उठाव नव्हता आणि रंगाचा जाड लेपही नव्हता. काही जण हे चित्र चुन्यानं उचललेल्या नक्षीसारखं असावं असं लिहितात, ते या एका शब्दावर कोसळतं. 'लांबून वरखाली' म्हणजे गडद-फिकट छटांनी आणलेला गोलावा. आणि रंगांची नावं पाहा: हिंगूळ, निळा, हिरवा. हे तिन्ही दगडातून दळून काढलेले रंग, आणि दगडी रंगाची छटा पाण्यात पातळ करून नीट येत नाही. इथेच खरी मेख आहे.

ताम्रखनिजातून मिळणारा निळा, म्हणजे अझुराइट, खलात घोटून पाण्यात निथळत ठेवला की त्याच्या प्रती वेगळ्या होतात. जड, भरड कण आधी तळाशी बसतात. तो सर्वांत गडद निळा. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं की त्यात मधली प्रत बसते, मग तिसरी, आणि शेवटी आभाळासारखी फिकट भुकटी. दगड एकच, कण बारीक होत गेला की रंग उतरत जातो. हिरव्या मॅलाकाइटचंही तसंच. हिंगुळात वर तरंगणारा भाग नारिंगीकडे झुकतो, तळचा गडद तांबडा. म्हणून चिनी चित्रकाराकडे एका निळ्याच्या चार वाट्या असत आणि छटा म्हणजे या वाट्या ओळीनं वापरणं. ओल्यात ओलं मिसळून दोन छटांमधली सीमा पुसण्याचा प्रयत्न केला की भरड कण ब्रशबरोबर ओढले जातात आणि डाग पडतो.

पट्ट्या कशा लावायच्या, याचा तपशील ११०३ साली सोंग दरबारानं छापलेल्या 'यिंगझाओ फाशी' या बांधकाम-संहितेत मिळतो. काळ साडेपाचशे वर्षं नंतरचा आहे हे विसरायचं नाही, पण लाकडी मंदिरांच्या कामात हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेलेलं होतं. तिथला क्रम असा: सर्वांत बाहेर पांढऱ्या अस्तराची एक रेघ मोकळी सोडायची. तिच्या आत सर्वांत फिकट निळा, त्याच्या आत तिसऱ्या प्रतीचा, मग दुसऱ्या प्रतीचा, मग गडद, आणि अगदी गाभ्यात काळी शाई. प्रत्येक पट्टी स्वच्छ, कडा सरळ. हाताच्या अंतरावरून पाहिलं तर ही चक्क पट्ट्यांची रांगोळी दिसते, दहा-पंधरा पावलं मागे सरकलं की डोळा पट्ट्या एकत्र करतो आणि पाकळी आत वळल्यासारखी दिसते. यिचेंग मंदिराचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं. हा तर्क आहे, पण 'जवळून सपाट' या शब्दांना यापेक्षा चांगला अर्थ लावता येत नाही.

पाकळी स्वतः करून बघायची असेल तर आधी भिंत, मग सरस, मग रंग. बहुतेकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांतच बिघडतं, दोष मात्र रंगाला दिला जातो.

भिंतीचा गिलावा ओल्या चुन्यावरचा नाही, मातीचा. अजिंठ्यातही तसाच आहे, त्यामुळे दोन्हीकडे 'फ्रेस्को' हा शब्द चुकीचा आहे. दुनहुआंगला खडकावर आधी गव्हाचा काड घातलेली भरड माती, तिच्यावर तागासारखे तंतू घातलेली बारीक माती आणि वर पांढरं पातळ अस्तर असतं. अजिंठ्यात मातीत भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू आणि दगडाची कच, आणि वर पांढरा हात. झांगच्या भिंती मात्र डोंगरात कोरलेल्या नव्हत्या, लाकडी सांगाड्यातल्या होत्या. अशा चित्रभिंतीसाठी ती सोंगकालीन संहिता सांगते: भरड मातीचे थर, त्यांत बांबूच्या कामट्यांचा आडवा थर आणि खिळ्यांनी ठोकलेले तागाचे झुबके, वर मधल्या प्रतीची माती आणि शेवटी वाळूमिश्रित लेप. या लेपाला २ भाग पांढरी वाळू, १ भाग चिकणमाती आणि धुऊन निवडलेला कुटलेला ताग ७ 'ल्यांग' (१६ ल्यांगांचा एक भाग, म्हणजे साधारण ०.४४ भाग). पाणी आटत आलं की थापीनं दाबून घोटायचं, एकदा-दोनदा नाही, दहा वेळा, पृष्ठभागावर चकाकी येईपर्यंत.

ताग जास्त वाटतो, पण तो कमी करू नका. लाकूड पावसाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आक्रसतं आणि माती त्याबरोबर हलू शकत नाही. तंतू नसतील तर भेगा खांबाला समांतर उभ्या जातात. वाळू कमी पडली तर भेगा जाळीसारख्या पडतात, वाळू जास्त झाली तर बोटानं घासलं तरी भिंत झडते. घाईनं उन्हात वाळवलेली भिंत वरून कडक आणि आतून ओली राहते. आठवड्याभरानं तिचे पापुद्रे सुटतात.

सरस म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांचा चिकट पदार्थ, रंग भिंतीला धरून ठेवणारा. रात्रभर थंड पाण्यात भिजवायचा, सकाळी भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळी आणायची नाही, उकळला की चिकटपणा जातो. अस्तराला पाण्याच्या ५-६ टक्के सरस ठीक, त्यावरच्या प्रत्येक थराला थोडा कमी. खालचा थर घट्ट, वरचा सैल, हा नियम उलटला की वरचा थर वाळताना आक्रसतो आणि खालच्याला सोबत घेऊन उचलतो. रंग माशाच्या खवल्यांसारखा वळून गळू लागतो. दुनहुआंगच्या कित्येक भिंतींवर हा खवलेपणा दिसतो. सरस फारच कमी पडला तर उलट रंग पावडरीसारखा हाताला लागतो. भरड गडद निळ्याला बारीक फिकट निळ्यापेक्षा जास्त धरून ठेवावं लागतं, म्हणून चारही वाट्यांत एकच सरस ओतणं ही नवशिक्याची ठरलेली चूक.

आता चेहरे. फुलांची छटा आणि माणसाच्या अंगाची छटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अजिंठ्याशी खरं नातं दिसतं ते अंगाच्या छटेत. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात या छटेला 'वर्तना' म्हटलंय आणि तिचे तीन प्रकार दिलेत; त्यांत पानाच्या शिरांसारख्या रेषांची एक आणि ठिपक्यांची एक. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीच्या नाकाच्या दांडीवर फिकट उजाळा आणि दोन्ही बाजूंना गडद होत जाणारा रंग आहे. प्रकाश एका बाजूनं येतोय असं नाही. जे पुढे आलंय ते फिकट, जे मागे वळतंय ते गडद. दुनहुआंगचे सुरुवातीचे चित्रकार हाच नियम पाळतात: अंगाच्या कडेनं गडद पट्टा, आत फिकट, आणि नाकावर, डोळ्यांवर शुद्ध पांढरा. अस्सल चिनी पद्धत नेमकी उलटी होती. तिथे गालाचा जो भाग उंच, त्यावरच लाली.

मग काळे का? अजिंठ्यातला तांबडा प्रामुख्याने गेरू, म्हणजे लोहाचा. तो दीड हजार वर्षांत फारसा हलत नाही. दुनहुआंगच्या अंगवर्णात शेंदूर आणि सफेदा आहे, दोन्ही शिशाचे. दमट हवा आणि प्रकाश मिळाला की शेंदराचं शिसं आणखी ऑक्सिजन घेऊन तपकिरी-काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतं. कडेची नाजूक गुलाबी छटा आज कोळशासारखी जाड रेघ झाली आहे आणि फक्त नाकाची दांडी व दोन डोळे पांढरे उरलेत. चिनी अभ्यासक अशा चेहऱ्याला गमतीनं 'शियाओ-अक्षरी चेहरा' म्हणतात, कारण 'लहान' या अर्थाचं ते तीन रेघांचं अक्षर नाक-डोळ्यांसारखंच दिसतं. तेव्हा त्या जाड काळ्या रेघांना 'धाडसी अभिव्यक्ती' म्हणणारे लेख वाचलेत तर सोडून द्या. ती शैली नाही, शेंदराचा बिघाड आहे. पुरावाही आहे: दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांपैकी २२० क्रमांकाच्या लेण्यात ६४२ सालची चित्रं नंतरच्या गिलाव्याखाली झाकली गेली होती, १९४० च्या दशकात तो थर काढल्यावर आतून टवटवीत रंग निघाले.

अजिंठ्याचा पिवळट-तपकिरी मुलामा हा वेगळाच रोग. निजामाच्या काळात, १९२० च्या सुमाराला, इटालियन दुरुस्तीकारांनी चित्रांवर लाखेचा लेप दिला. तो पिवळला आणि त्यानं धूळ धरली. एकाच प्रकारची छटा, पण अजिंठ्यात तिच्यावर पडदा पडलाय आणि दुनहुआंगला ती रासायनिक क्रियेनं उलट झालीय. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून शैलीची तुलना करताना हे मनात वजा करायला हवं.

झांगच्या काळाच्या सर्वांत जवळ जायचं असेल तर मोगाओचं २८५ क्रमांकाचं लेणं पाहावं. त्यात ५३८ आणि ५३९ सालांचे लेख आहेत, म्हणजे यिचेंग मंदिरानंतर अवघं वर्ष-दोन वर्षं. पश्चिमेच्या भिंतीवर भारतीय छटेतल्या आकृती आहेत. त्यांत महेश्वर, विष्णू, कुमार आणि गजमुखी विनायकही आहे. मराठी वाचकाला सहाव्या शतकातल्या चीनच्या भिंतीवर भेटलेला हा गणपती लक्षात राहील. त्याच लेण्यातल्या बाकीच्या भिंतींवर मात्र सडपातळ, हवेत उडणाऱ्या पदरांच्या चिनी आकृती आहेत. एकाच खोलीत दोन पद्धती, आणि कुणी त्यांचा मेळ घालायचा प्रयत्नही केलेला नाही.

याच लेण्यात निसर्ग कुठे आहे? छताच्या खालच्या कडेनं. तिथे झोपड्यांत बसलेले ध्यानस्थ, आजूबाजूला जनावरं, आणि डोंगर म्हणजे करवतीच्या दातांसारखी एकामागे एक टोकं: एक तांबडं, एक निळं, एक हिरवं, एक पांढरं. शेजारच्या २४९ क्रमांकाच्या लेण्यात शिकारी घोड्यावरून वळून वाघावर बाण सोडतोय आणि पिलांसह एक रानडुकरीण आहे. ८४७ साली चित्रकारांचा इतिहास लिहिणाऱ्या झांग यानयुआननं या जुन्या निसर्गचित्रांवर कडक शेरा मारलाय: डोंगर केसांतल्या फण्यांसारखे, पाण्यात नाव तरंगणार नाही, माणसं डोंगराहून मोठी, आणि झाडं म्हणजे पसरलेले हात आणि फाकवलेली बोटं. शेरा अचूक आहे, पण त्यात थोडा अन्याय आहे. त्या काळी डोंगर हा देखावा नव्हताच. एका प्रसंगापासून दुसरा वेगळा करणारी ती कड होती. अजिंठ्यातले ठोकळ्यांसारखे खडकही तेच काम करतात.

झांगची निसर्गावरची पकड कळते ती एका पाखराच्या गोष्टीतून. रुनझोऊच्या शिंगगुओ मंदिरात पारवे तुळईवर बसत आणि मूर्तीवर घाण करत. झांगनं पूर्वेच्या भिंतीवर एक ससाणा आणि पश्चिमेच्या भिंतीवर एक शिक्रा काढला, दोघेही मान वळवून वळचणीबाहेर पाहणारे. पारवे पुन्हा आले नाहीत. गोष्ट खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवा, तिच्यातली कारागिरी बघा. पक्षी दारातून आत येतो तो वळचणीखालून, आणि नजर तिकडेच रोखलेली आहे. जागा, उंची, मानेचा कोन हे सगळं मोजून केलेलं आहे. आनले मंदिरातल्या चार ड्रॅगनची गोष्ट तर जगभर माहीत आहे: डोळ्यांत बुबुळं भरली की उडून जातील म्हणून त्यानं ती भरली नाहीत, लोकांनी हट्ट केला, दोघांची भरली आणि ते विजेबरोबर भिंत फोडून गेले. मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे, हा आपल्याकडच्या नेत्रोन्मीलनासारखा बौद्ध विधी या गोष्टीच्या मागे उभा दिसतो.

तिसरी गोष्ट जास्त कामाची, कारण ती भिंत वाचण्याबद्दल आहे. जियांगलिंगच्या तियानहुआंग मंदिरात त्यानं वैरोचन बुद्धाबरोबर कन्फ्यूशिअस आणि त्याचे दहा शिष्य काढले. बौद्ध मंदिरात हे कशाला, असं सम्राटानं विचारल्यावर तो म्हणाला, पुढे यांच्याच आधारानं निभावेल. ५७४ नंतर उत्तर झोऊ राज्यानं मंदिरं पाडली, पण कन्फ्यूशिअस आहे म्हणून तो सभामंडप वाचला, असं नोंद सांगते. यिचेंग मंदिर मात्र लियांगच्या अखेरच्या बंडाळीत जळालं. उरलेलं ८४५ च्या बौद्धविरोधी मोहिमेत गेलं. त्या वेळी ली देयू या मंत्र्यानं जुन्या चित्रभिंती गोळा करून गानलू मंदिरात बसवल्या, त्यांत झांगच्याही होत्या. मातीची भिंत कापून हलवणं म्हणजे पापड ताटलीवरून ताटलीवर सरकवणं. तरीही त्यांनी ते केलं. पुढे त्याही राहिल्या नाहीत.

त्याची रेषा कशी होती? झांग यानयुआन म्हणतो की आधीच्या पिढ्यांतले चित्रकार गू काईझी आणि लू तानवेई यांची रेषा दाट, शेवटपर्यंत ओढलेली. झांग सेंगयो आणि पुढे थांग काळातला वू दाओझी यांची विरळ, एक-दोन फटक्यांत आकार उभा. ठिपका, ओढ, घाव, झाडू, असे चार फटके झांग सेंगयोच्या ब्रशाचे सांगितलेत. विरळ रेषा आणि पट्ट्यांची छटा यांचा संबंध मला उघड वाटतो: आकाराचा गोलावा रंगानं दाखवता आला की रेषेवरचं ओझं कमी होतं. गू काईझीला मात्र सगळं रेषेनंच सांगावं लागत होतं.

मग हे अजिंठ्याहून गेलं का? असं म्हणू नये. अजिंठ्याची मोठी कामं वाकाटक हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे साठेक वर्षं आधीची. पण एका लेण्यातून एका दारापर्यंत सरळ रेघ ओढायला पुरावा नाही. जे प्रवासाला निघालं ती पद्धत होती. उत्तरेकडून मध्य आशियातल्या वाळवंटी मार्गानं, दक्षिणेकडून फुनान या आग्नेय आशियातल्या राज्याच्या समुद्रमार्गानं, ज्याच्याशी लियांग दरबाराचे संबंध होते. सहाव्या शतकातलाच समीक्षक याओ झुई तीन परदेशी भिक्षू-चित्रकारांची नावं देतो आणि लिहितो की आपली आणि त्यांची शैली वेगळी, त्यामुळे यांना क्रम लावता येत नाही. शेजारी बसून काम पाहिल्याशिवाय असा प्रामाणिक शेरा कुणी लिहीत नाही. पुढे सातव्या शतकात मध्य आशियातल्या खोतानहून आलेला युची यीसेंग थांग राजधानी छांगआनमध्ये पुन्हा खोलगट-फुगीर फुलं रंगवताना दिसतो. त्याची रेषा वाकवलेल्या लोखंडी तारेसारखी होती म्हणतात.

शेवटी एक सावधगिरी. इंटरनेटवर झांगच्या नावावर सर्रास फिरणारं बर्फाचे डोंगर आणि तांबडी झाडं हे चित्र तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे, आणि ते त्याच्यानंतर खूप शतकांनी झालेलं आहे. ओसाकाच्या संग्रहालयातली पाच ग्रह व अठ्ठावीस नक्षत्रांची गुंडाळी जुनी आणि देखणी आहे, पण तीही नंतरची नक्कल समजली जाते, आणि ती रेशमावर आहे. भिंतीचा अंदाज तिच्यावरून येत नाही. अजिंठ्याला पुन्हा गेलात तर २ क्रमांकाच्या लेण्याचं छत बघा. गळ्यात दुर्बीण ठेवा. एकच कमळ आधी खालून नुसत्या डोळ्यांनी बघा, मग दुर्बिणीतून, आणि पाकळीच्या कडेपासून आत रंग किती पायऱ्यांनी उतरतो ते मोजा.